अंतर मोजावे कोठून?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाची मासिक बैठक आटोपल्यावर चहा-पोह्यांच्या वेळी एक साधा प्रश्न निघाला. एका सभासदांच्या कन्येने पुण्यात नवे घर घेतले होते आणि वास्तुशांतीस जाण्याचा त्यांचा बेत चालला होता. त्यांनी सहज विचारले, ‘‘इंदूरहून पुणे नक्की किती दूर?’’ उत्तरे तीन आली. नातवाच्या मोबाइलवर पाहून एकांनी सांगितले, पाचशे किलोमीटर. वर्षानुवर्षे स्वतःची मोटार चालवत पुण्यास जाणारे दुसरे सभासद म्हणाले, सहाशेला एक कमी नाही. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले तिसरे मात्र ठामपणे म्हणाले, नऊशेच्या वर. थोडा वाद झाला, थोडा हशा झाला आणि प्रश्न कपबशांबरोबर आवरला गेला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही.

वास्तविक तिन्ही उत्तरे बरोबर होती. नकाशावर दोन्ही शहरांमध्ये सरळ रेषा ओढली, तर ती पाचशे किलोमीटरच्या जवळपास भरते. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत लहान वाट ही वस्तुतः एका महावर्तुळाचा तुकडा असते. पण एवढ्या थोड्या अंतरात तो बाक जाणवण्याजोगा नसतो. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. १,८५२ मीटरचा एक सागरी मैल धरला, तर ते सुमारे २७० मैल होते. सडकेला मात्र सरळ जाण्याची मुभा नाही. आग्रा-मुंबई मार्गाने खलघाटला नर्मदा ओलांडावी लागते, सेंधव्यापुढे सातपुड्याचा घाट उतरावा लागतो, शिरपूरजवळ तापी लागते, मग धुळे, मालेगाव, मनमाड आणि पूर्वी ज्यास अहमदनगर म्हणत ते अहिल्यानगर. अशा वळणांनी पाचशेचे सहाशे होतात. रेल्वेची गोष्ट तर आणखीच वेगळी. इंदूर आणि मनमाड यांना जोडणारा सरळ लोहमार्ग अद्याप नसल्यामुळे आपली पुण्याची गाडी रतलाम, वडोदरा, सुरत, वसई अशी अर्ध्या गुजरातेस प्रदक्षिणा घालून घाट चढते. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो पुरा होईल तेव्हा तिसऱ्या सभासदांचे उत्तर चुकेल. तोवर ते बरोबर आहे.

म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये तीन अंतरे आहेत. वेळेचा हिशेब केला तर आणखी निघतात. वेळापत्रकात विमानाचा प्रवास सव्वा तासाच्या आतबाहेर दाखविलेला असतो. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या विमानाला पाचशे किलोमीटर कापण्यास चाळीस मिनिटेही लागू नयेत. परंतु वेळापत्रकातील वेळ ही केवळ उडण्याची वेळ नसते. चाकांपुढचा अडसर काढल्यापासून तो पुन्हा लावेपर्यंतचा सारा काळ तीत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरपटणे, वर चढणे, उतरण्यासाठी आपली पाळी येण्याची वाट पाहणे हे सर्व त्यात आले. शिवाय विमानतळावर दोन तास अगोदर जायचे, एक तास अगोदर सामान देण्याची खिडकी बंद होते, आणि लोहगावास उतरल्यावर कोथरूडपर्यंतची गर्दी वेगळीच. दारापासून दारापर्यंत पाच तास कोठेच गेले नाहीत. तरीही आपण सांगताना सांगतो सव्वा तास. या सव्वा तासाच्या भाषेने आपल्या मनावर काय केले, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो विमानांविषयीचा नसून माणसांविषयीचा आहे.

जुन्या शास्त्रकारांनीही अंतराचा विचार केला होता, पण तो कोसांच्या हिशेबापुरता नव्हता. नातलग दूरदेशी वारल्याची बातमी उशिरा कळली, तर सुतक किती पाळावे हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. दहा दिवसांच्या आत कळल्यास उरलेले दिवस पाळावेत, दहा दिवसांनंतर कळल्यास तीन रात्री आणि वर्ष उलटून गेल्यावर कळल्यास केवळ स्नान, असा निर्णय मनुस्मृतीत आहे. मग दूरदेश तरी कशास म्हणावे? निबंधग्रंथांतून त्याची एक व्याख्या आढळते. जेथे मध्ये महानदी आडवी येते, किंवा पर्वत आडवा येतो, किंवा जेथे वाणी बदलते, ते देशांतर. ही व्याख्या आम्ही प्रथम वाचली तेव्हा ती जणू आमच्याच घरावरून केली असावी असे वाटले. इंदूर आणि पुणे यांच्यामध्ये नर्मदा आहे, सातपुडा आहे आणि घराचा उंबरा ओलांडला की बोलीही बदलते. तिन्ही लक्षणे एकदम लागू पडतात. होळकरांच्या दौलतीबरोबर माळव्यात आलेली आपली घराणी दोनशे-अडीचशे वर्षे या अर्थाने देशांतरातच राहिली.

या नियमांत सुतकाचा तपशील आहेच. पण आम्हांस त्यामागची दृष्टी महत्त्वाची वाटते. दूर असलेल्या माणसाची असहायता शास्त्राने मान्य केली होती. जो पोहोचू शकत नव्हता, त्याला न पोहोचल्याचा दोष लागत नव्हता. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या नीतिविचारातही हेच सूत्र आहे. एखादी गोष्ट करणे हे तुझे कर्तव्य आहे असे म्हणायचे, तर ती करणे तुला शक्य असले पाहिजे. नर्मदेला पूर आला असेल आणि नाव लागत नसेल, तर पलीकडे जाणे हे कर्तव्य उरत नाही. अलीकडे उभे राहून हात जोडणे तेवढे उरते. अंतर हा अशा रीतीने आपला एक मूक साक्षीदार होता. आपल्या वतीने तो सांगे, ‘‘यांचा नाइलाज होता.’’

आमच्या मातोश्री पुण्याच्या. १९४० नंतरच्या दशकात लग्न होऊन त्या इंदुरास आल्या. १९५८ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तार आली. तारा बहुधा इंग्रजीत असत. तशीच ही होती. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ घरात इंग्रजी जाणणारे वडीलच. त्यांनी वाचून सांगितले. आईने चुलीवरचे भात-पिठले तसेच खाली उतरवले, चार लुगडी वळकटीत बांधली आणि त्याच रात्री आम्हा भावंडांपैकी धाकट्याला कडेवर घेऊन ती दिरासोबत निघाली. तेव्हा दक्षिणेकडे जायचे म्हणजे मीटरगेजच्या गाडीने खांडव्यास जायचे. पातालपाणीचा घाट, कालाकुंडाच्या स्टेशनावर मिळणारा कलाकंद, मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल हे सारे आम्ही पुढे मोठेपणी कौतुकाने पाहिले; तिला त्या रात्री त्यातले काही दिसले नसावे. पूल आला तेव्हा तिने पदरच्या गाठीतला एक आणा अंधारात नदीत टाकला, एवढे ती सांगे. खांडव्यास गाडी बदलायची, भुसावळवरून मनमाडला उतरून पुन्हा बदलायची, मग दौंडवरून पुणे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माहेरच्या दारात उभी राहिली तेव्हा आजोबांना जाऊन एक दिवस होऊन गेला होता.

कोणी तिला बोल लावला नाही. लावण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे ती सव्वा महिना तेथे राहिली. आजोबा शेवटी काय बोलले, कोणाची चौकशी केली, औषध घेताना कसे हट्ट करीत, हे सारे तिने आजीकडून दिवसादिवसाने ऐकून घेतले. आम्ही मोठे झाल्यावर एकदा नादानपणे तिला विचारले होते, ‘‘तुला वडील शेवटचे भेटले नाहीत याचे फार वाईट वाटत असेल, नाही?’’ ती म्हणाली, ‘‘वाटतं तर. पण मी पोचले नाही, तरी निघाले होते रे.’’

त्या वेळी या उत्तरात आम्हांला केवळ समाधान मानून घेणे दिसले. त्यातला अर्थ कळण्यास आम्हांला आमचीच चूक घडावी लागली.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणत असू, तीही आईप्रमाणेच, पण उलट्या दिशेने, लग्न होऊन पुण्यास गेली. काही वर्षांपूर्वी ती आजारी पडली. भाचीचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, ‘‘मामा, घाबरण्यासारखं नाही, पण आई तुमची आठवण काढते. जमेल तेव्हा येऊन जा.’’ आम्ही तत्काळ म्हणालो, ‘‘अगं, येतोच. सव्वा तासाचं तर विमान. केव्हाही येता येईल.’’ हे शब्द मनापासूनचे होते. पुढच्या आठवड्यात मंडळाचा एक कार्यक्रम होता, तो पार पडल्यावर जायचे ठरविले. त्यानंतर एका स्नेह्यांकडील लग्न निघाले. मग तिकिटाचे दर दोन-चार दिवस चढे दिसले, ते उतरू द्यावेत असे वाटले. दर दोन दिवसांनी दूरध्वनीवर बोलणे होत होते. अक्काचा आवाज क्षीण होत चालला होता, पण दूरध्वनीत आवाज नेहमीच क्षीण येतो अशी आम्ही मनाची समजूत घातली. बावीस दिवस गेले. तेविसाव्या पहाटे भाचीचा पुन्हा दूरध्वनी आला आणि या वेळी ‘जमेल तेव्हा’ हे शब्द त्यात नव्हते.

दुपारच्या विमानाने आम्ही निघालो. चार वाजता त्यांच्या दारात होतो. आमच्यासाठी सर्वजण थांबले होते. पुष्पहार वाहताना शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘विमानामुळे वेळेवर पोचलात हो.’’ त्यांचा हेतू सांत्वनाचाच होता. परंतु त्या क्षणी पासष्ट वर्षांपूर्वीची ती तार आम्हांला आठवली. तारेत ‘पोहोचा’ असे कधी लिहिलेले नसे. ‘स्टार्ट’ असे असे. निघा. पोहोचणे हे गाड्यांच्या, नद्यांच्या आणि दैवाच्या हाती होते. माणसाच्या हाती फक्त निघणे होते, आणि तेवढेच त्याच्याकडून मागितले जाई. आई पोहोचली नव्हती, पण निघाली होती. आम्ही पोहोचलो होतो, पण बावीस दिवस निघालोच नव्हतो.

ही कबुली येथे देण्याचे कारण सहानुभूती मिळविणे नव्हे. आमच्या पिढीतील अनेकांच्या गाठी असा एखादा हिशेब असावा, अशी आमची समजूत आहे, आणि त्याचे मूळ शोधणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमच्यात माया कमी होती का? तसे वाटत नाही. मग काय झाले? आमच्या मते ‘केव्हाही’ या शब्दाने घात केला. जेव्हा जाणे दुर्घट होते, तेव्हा जाण्यासाठी दिवस मुक्रर करावा लागे. रजा, पैसे, सोबत या साऱ्याची जुळवाजुळव करावी लागे. ठरलेला दिवस ही एक प्रकारची प्रतिज्ञाच असे. जाणे सुकर झाले आणि कोणताही दिवस चालेल असे झाले. ज्याला कोणताही दिवस चालतो, त्याला आजचा दिवस कधीच आवश्यक वाटत नाही. शक्यता जितकी अमर्याद, तितकी ती कृतीत उतरण्याची निकड कमी. विमानाने आमच्यापासून अक्का दूर नेली असे नव्हे. पण ती जवळच आहे असा भास आमच्या मनात निर्माण केला, आणि त्या भासावर आम्ही विसंबलो.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. पूर्वी प्रवास जितका लांब, तितका मुक्काम लांब, हा अलिखित नियम होता. दोन रात्री गाडीत काढून आलेला माणूस दोन दिवसांत परतत नसे. तसे करणे त्याला परवडत नसे आणि यजमानांनाही ते अपमानाचे वाटले असते. वाटेतील कष्टांनीच सहवासाची हमी दिलेली असे. पाहुणा महिनाभर राही, म्हणून त्याच्याशी पहिल्या दिवशी औपचारिक, चौथ्या दिवशी मोकळे आणि विसाव्या दिवशी खरे बोलणे होई. माणसांची मने उघडण्यास असा काळ लागतो. आता सकाळच्या विमानाने येऊन रात्रीच्या विमानाने परतता येते. भेटींची संख्या वाढली असेलही, पण बहुतेक भेटी पहिल्या दिवसाच्या औपचारिकतेतच संपतात. वाटेवरील वेळ वाचला, तो मुक्कामात भर पडावा म्हणून वाचला, असे आपण समजलो होतो. प्रत्यक्षात प्रवास आखडला तसा मुक्कामही आखडला आणि वाचलेला वेळ कोठे गेला, ते कोणास सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मधल्या माणसांची. खांडव्यास आमचे एक चुलत घराणे होते. गाडी बदलण्याच्या त्या तीन-चार तासांत त्यांच्याकडून फलाटावर पिठले-भाकरीचा डबा हमखास येई. भुसावळला आईची मावसबहीण होती. गाडी थांबे तेवढ्या वेळात खिडकीच्या गजांतून केळ्यांची फणी आत यायची आणि बाळाच्या हातावर रुपया ठेवला जायचा. हे नाते पाच मिनिटांचे असे, पण वर्षातून दोनदा उजळले जात असे. विमान दोन टोकांना जोडते. मधल्या गावांवरून ते अकरा किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरून जाते. आमच्या मुलांना पुण्याचे नातलग ठाऊक आहेत. खांडवा आणि भुसावळ येथील घरांची नावेही त्यांना ठाऊक नाहीत. पुणे जवळ आले त्याबरोबर खांडवा दूर गेले. अंतरे नाहीशी होत नसतात. ती एका नात्यावरून दुसऱ्या नात्यावर सरकतात, असे म्हणण्यास जागा आहे. नर्मदाही तशीच. खिडकीची जागा मिळाली आणि आभाळ निरभ्र असले, तर ती खाली एखाद्या सुतासारखी दिसते. जुनी माणसे तिकडे पाहून हात जोडतात, तोवर ती मागे पडलेली असते.

येथे सुज्ञ वाचक आम्हांस अडवतील आणि अडवावेच. जुन्या प्रवासाचे गोडवे गाणे सोपे आहे. तो ज्यांनी सोसला त्यांस विचारावे. आमच्याच आईला लग्नानंतर पहिली चार वर्षे माहेरचे तोंड दिसले नव्हते. सोबत मिळाल्याशिवाय बाईमाणसाने निघायचे नाही, आणि सोबत मिळणे घरातील कर्त्यांच्या मर्जीवर. कितीतरी मुली देशावरून माळव्यात आल्या आणि आईबापांच्या आजारपणाची पत्रे वाचत येथेच म्हाताऱ्या झाल्या. आज त्यांची नात एकटी तिकीट काढते, एकटी जाते आणि बाळंतपणास आईला चार तासांत बोलावून घेते. हे लहान सुख नव्हे. आजारी माणसाला वेळेवर मोठ्या रुग्णालयात नेता येते, परीक्षेला मुलगा जाऊन येतो, हेही लहान नव्हे. ज्या देवी अहिल्याबाईंचे नाव इंदूरच्या विमानतळाला आहे, त्या चौंडीच्या मुलीने माळव्याची सून होऊन जे अंतर ओलांडले, ते पुन्हा उलटे ओलांडणे किती कठीण होते याची कल्पना करावी, म्हणजे जुन्या काळाचा मोह उतरतो. आम्हांला तो काळ परत नको आहे.

आणखी एक आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. सव्वा तासाचे अंतर सर्वांसाठी सव्वा तासाचे नसते. विमानाचे भाडे निघण्याचा दिवस जवळ येतो तसे बहुधा वाढत जाते. सहलीची तारीख महिनाभर आधी ठरविता येते, मृत्यूची ठरविता येत नाही. म्हणजे ज्या प्रवासात कर्तव्याचा अंश सर्वांत मोठा, त्याचेच तिकीट बहुधा सर्वांत महाग. निवृत्तिवेतनावर जगणारे आपल्यातील अनेकजण आजही रात्रभर बसने धुळ्यावरून जातात. त्यांच्यासाठी अंतर अजून तोच साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष आपण मानली पाहिजे. ‘‘विमानाने का नाही आलात?’’ असे एखाद्या शोकाकुल माणसास सहज विचारणारे लोक आम्ही पाहिले आहेत. असा प्रश्न विचारू नये. आमचे म्हणणे ज्यांस शक्य असून जे गेले नाहीत त्यांच्याविषयी आहे आणि त्यांत पहिले नाव आमचेच आहे.

पीटर सिंगर या तत्त्वचिंतकाने पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या हालांच्या निमित्ताने लिहिलेल्या आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे प्रतिपादन केले की, अंतराला स्वतःचे नैतिक मूल्य नाही. डबक्यात बुडणारे मूल समोर असो की हजारो मैलांवर उपासमार होणारे असो, साहाय्य करण्याची शक्ती असेल तर जबाबदारी सारखीच. परक्यास द्यावयाच्या साहाय्याबाबत हा विचार आम्हांस मान्य आहे. धान्य पाठविता येते, पैसा पाठविता येतो. पण आप्तांची गरज बहुधा अशा वस्तूची असते की जी पाठविता येत नाही. अक्काला आमच्याकडून पैसा नको होता, औषध नको होते. तिच्या उशाशी आम्ही बसणे तिला हवे होते, आणि ते बसणे मनीऑर्डरने जात नाही, दूरध्वनीवरूनही जात नाही. येथे देहानेच जावे लागते. म्हणून आप्तांच्या बाबतीत अंतराचा प्रश्न अधिक कठोर होतो. अंतर उरले नाही, की सबब उरत नाही. आणि सबब उरली नाही, की मन उघडे पडते.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले असावे. अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधील मोकळी जागा. पण अंतर म्हणजे अंतःकरणही. अंतरीची खूण, अंतरंग, अंतर्मन या साऱ्या शब्दांत तेच बसले आहे. आणि एखाद्यास अंतर देणे म्हणजे त्याला टाकणे, दुरावणे. लग्नाच्या वेळी मुलीचा हात जावयाच्या हाती देताना वडीलधारे म्हणत, ‘‘हिला अंतर देऊ नका.’’ हा हिशेब मैलांचा नव्हता. एका घरात राहूनही अंतर देता येते आणि दोन रात्रींच्या वाटेवर असूनही ते न देता येते. अंतरणे हे क्रियापदही आपल्याकडे आहे. माणूस आपल्याला अंतरला, म्हणजे आपण त्याला मुकलो. एकाच शब्दात जागा, मन, त्याग आणि वियोग मावले आहेत. विमानाने यांतील पहिला अर्थ जवळजवळ पुसला. उरलेले तीन तसेच आहेत, किंबहुना पहिल्याचा आडोसा गेल्यामुळे ते अधिक स्पष्ट दिसू लागले आहेत.

तेव्हा अंतर मोजावे कोठून, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे की, ते विमानाच्या अडसरापासून मोजू नये. हाक आली त्या क्षणापासून मोजावे आणि आपण उंबरा ओलांडला त्या क्षणापर्यंत मोजावे. वाटेत किती वेळ लागला, हा वाहनाचा गुणधर्म आहे. निघायला किती वेळ लागला, हा आपला. पुढे जाऊन आणखी एक माप घ्यावे. तेथे किती वेळ बसलो? या दोन मापांनी पाहिले, तर १९५८ सालचे इंदूर-पुणे अंतर एका संध्याकाळचे होते आणि आमच्या वेळचे बावीस दिवसांचे. सरळ रेषा तेव्हाही पाचशे किलोमीटरचीच होती.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ‘निघा’ असा स्पष्ट आदेश देणारे दुसरे साधन आपल्याकडे उरलेले नाही. आता निरोप येतात ते ‘जमेल तेव्हा या’, ‘घाई नाही’, ‘कळवतो’ अशा सौम्य शब्दांत. बोलावणाऱ्यांनाही आपल्या वेळेचा संकोच वाटतो. आपण व्यग्र आहोत, हे त्यांनी आपल्याही आधी मान्य करून टाकलेले असते. या सौम्य शब्दांमागील ‘स्टार्ट इमिजिएटली’ वाचण्याची जबाबदारी आता वाचणाऱ्यावर आली आहे. आमच्या वडिलांनी आईला तारेचे भाषांतर करून सांगितले होते. आपल्यापैकी प्रत्येकाला हे भाषांतर स्वतःच करावे लागणार.

परवा भाचीचा दूरध्वनी आला होता. अक्काच्या पश्चात तिचे वडील, आमचे भावोजी, आता त्या घरात मुलीसोबत असतात. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, ‘‘मामा, बाबा विचारत होते, तुम्ही केव्हा येताय?’’ आमच्या तोंडी नेहमीचा शब्द आलाच होता. तो आम्ही गिळला, भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली आणि तिला म्हणालो, ‘‘थांब, तारीख सांगतो. आणि बाबांना सांग, आठ दिवस राहणार आहे.’’

पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग भाची हळूच म्हणाली, ‘‘खरंच ना?’’